वाचकांचे प्रश्न : क्लेअरची एलिझाबेथ आणि तिचे कुटुंब

मागील अंकात या सदरात चौदाव्या शतकातील इंग्लंडमधील एका वारसदार स्त्रीची, एलिझाबेथ द क्लेअर हिची, थोडक्यात ओळख करून दिली होती. जन्म सप्टेंबर १२९५. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड हा आईचा पिता. एक भाऊ, आणि त्याच्या पश्चात तिन्ही बहिणींत समान वाटला गेलेला वारसा. तीन विवाह, त्यांपैकी दुसऱ्या पतीने पळवून नेलेले, तिन्ही पती दिवंगत, तिसऱ्या वेळी वय अवघे सव्वीस. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने लुबाडलेली जमीन. त्यानंतर अडतीस वर्षे एकटीने चालवलेला जहागिरीचा कारभार. केंब्रिज येथील क्लेअर कॉलेजला दिलेले दान आणि नोव्हेंबर १३६० मध्ये मृत्यू, एवढाच मजकूर त्यात होता. त्यावर मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. लग्नात जमीनजुमला कसा हस्तांतरित होतो हे मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही, कारण १६६१ च्या विवाहकरारात हे शहरच पोर्तुगीज राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाकडे गेले आणि सात वर्षांनी वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले गेले. कदाचित म्हणूनच बहुतेक पत्रलेखकांना एलिझाबेथच्या दानधर्मापेक्षा तिच्या मालमत्तेविषयी अधिक कुतूहल वाटले. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : एलिझाबेथला भाऊ होता असे आपण लिहिले होते. मग ती वारसदार कशी झाली? आणि भाऊ निपुत्रिक वारला असेल, तर आपल्याकडील घराण्यांप्रमाणे कोणाला दत्तक का घेतले नाही? (एक वाचक, गिरगाव)

भाऊ होता, आणि तो जिवंत असेपर्यंत तिन्ही बहिणींचा वारशाशी काहीही संबंध नव्हता. वडील गिल्बर्ट द क्लेअर हे ग्लॉस्टरचे अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचे सरदार. तांबड्या केसांमुळे लोक त्यांना ‘लाल अर्ल’ म्हणत. वेल्समधील केरफिली हा प्रचंड पाणकोट त्यांनीच बांधावयास घेतला. डिसेंबर १२९५ मध्ये ते वारले तेव्हा एलिझाबेथ तीन महिन्यांचीही नव्हती. मागे राहिले चार अपत्ये : मुलगा गिल्बर्ट आणि एलिनर, मार्गारेट, एलिझाबेथ या तीन मुली. या मुलाचा विवाह आयर्लंडमधील अल्स्टरच्या अर्लच्या मुलीशी, मॉडशी, झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ३० सप्टेंबर १३०८ रोजी, मॉडच्या भावाशी, जॉन द बर्गशी, एलिझाबेथचा विवाह लागला. आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात तोच हा प्रकार होता. नवरी तेरा वर्षांची होती.

२४ जून १३१४ रोजी स्कॉटलंडमधील बॅनकबर्नच्या लढाईत हा तरुण अर्ल मारला गेला. त्याला मूल नव्हते. मात्र त्याची विधवा मॉड हिने आपण गरोदर असल्याचे सांगितले आणि त्यामुळे एक चमत्कारिक कायदेशीर पेच उभा राहिला. होणारे बाळ मुलगा असो वा मुलगी, ते जन्मताच आत्यांचा हक्क संपणार होता. म्हणून त्याच्या जन्माची वाट पाहणे भाग होते. नऊ महिने गेले, वर्ष गेले, तरी बाळ आले नाही. थोरल्या बहिणीच्या पतीने वाटणीची मागणी केली तेव्हा राजाच्या विधिज्ञांनी, काउंटेस (अर्लची पत्नी) गरोदर असल्याचे सर्वश्रुत आहे, असे गंभीर चेहऱ्याने उत्तर दिले. हा खेळ तीन वर्षांहून अधिक काळ चालला आणि वाटणी १३१७ च्या अखेरीस झाली. तोवर सर्व जमिनीचा वसूल राजाच्या खजिन्यात जमा होत होता, हे लक्षात घेतले म्हणजे विधिज्ञांच्या सबुरीचे आश्चर्य वाटत नाही.

आता दत्तकाविषयी. आपल्या पत्रलेखकांना पडलेला हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, परंतु मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात दत्तकाला स्थान नव्हते. तेथे दत्तकविधानाचा कायदा झाला तो थेट १९२६ मध्ये. औरस संतती नसेल तर भाऊ, तोही नसेल तर बहिणी, असा रक्ताचा क्रम लागत असे आणि धार्मिक विधी करून कोणालाही पुत्रस्थानी बसविता येत नसे. ज्यांच्या स्वतःच्या कायद्यात दत्तक नव्हते अशांनी १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करावे, हा इतिहासातील एक कडवट योग म्हणावा लागेल. पण तो विषय वेगळा.

प्रश्न : तिन्ही बहिणींना समान हिस्सा मिळाला असे आपण म्हणता. मी वकिली करतो. मुलींना आपल्याकडे जे अलीकडे मिळाले, ते इंग्लंडमध्ये सातशे वर्षांपूर्वीच होते, असा याचा अर्थ घ्यावा काय? (एक वाचक, फोर्ट)

तसा अर्थ घेऊ नये. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हिस्सा दिला, पुढे २००५ मध्ये तो देशभर लागू झाला आणि विवाहित मुलीही त्यात आल्या. येथे बरोबरी आहे ती भाऊ आणि बहीण यांच्यात. क्लेअर घराण्याच्या काळातील इंग्लंडमध्ये थोरला मुलगा सर्व काही घेत असे, धाकट्या भावांनाही वाटा नसे, आणि मुलगा नसेल तेव्हाच मुली पुढे येत. मुलींमध्ये मात्र थोरली-धाकटी असा भेद न करता जमिनीचे समान भाग केले जात. म्हणजे ही समानता बहिणी-बहिणींपुरती होती आणि ती भावाच्या अभावी लाभत असे.

क्लेअर वाटणीत प्रत्येक बहिणीच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे दोन हजार पौंड उत्पन्नाची जमीन आली. त्या काळी एखाद्या साध्या सरदाराचे वार्षिक उत्पन्न चाळीस-पन्नास पौंड असले तरी तो प्रतिष्ठित गणला जाई, यावरून या रकमेचा अंदाज करावा. एलिनरकडे ग्लॅमॉर्गन, कार्डिफ आणि केरफिली गेले. मार्गारेटकडे टनब्रिज आणि वेल्समधील न्यूपोर्टचा प्रदेश. एलिझाबेथकडे सफोकमधील क्लेअर, डॉर्सेटमधील काही मुलूख आणि वेल्समधील अस्क.

आणखी दोन गोष्टी आपल्यासारख्या कायदेपंडिताला रुचतील. लाल अर्लला पहिल्या पत्नीपासून दोन मुली होत्या आणि त्या तेव्हा हयात होत्या, तरी त्यांना एक एकरही मिळाली नाही. याचे कारण असे की १२९० मध्ये राजकन्या जोनशी विवाह करताना अर्लने आपली सारी जमीन राजाच्या स्वाधीन केली आणि पती-पत्नी दोघांच्या नावे परत घेतली. नव्या सनदेत ‘या दांपत्याच्या पोटची संतती’ हीच वारस राहील अशी अट होती. सासऱ्याने कन्येची सोय केली ती सावत्र नातींचा हक्क काढून घेऊन. दुसरी गोष्ट पतीच्या हक्काची. वारसदार स्त्रीचे लग्न झाले की जमिनीचा ताबा पतीकडे जाई आणि त्यांना एक जरी जिवंत अपत्य झाले, तरी पत्नीच्या मृत्यूनंतरही पती ती जमीन आमरण उपभोगू शके. पतीच्या पश्चात मात्र विधवेला त्याच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग हयातभर मिळे आणि तिची स्वतःची वारशाची जमीन पुन्हा तिच्या हाती येई. सधवा असताना जिला आपल्याच शेताचा पाटही फिरविता येत नसे, ती विधवा होताच कायद्याने पूर्ण मालकीण ठरे.

प्रश्न : दुसऱ्या पतीने तिला पळवून नेले असे वाचून धक्का बसला. राजाच्या भाचीला पळविणे शक्य तरी कसे होते? की हा प्रेमविवाह होता? (एक वाचक, विलेपार्ले)

पहिला पती जॉन द बर्ग १३१३ च्या जूनमध्ये गॉलवे येथे वारला तेव्हा एलिझाबेथ सतरा वर्षांची होती आणि पदरात नऊ महिन्यांचा मुलगा विल्यम होता. पुढल्या वर्षी भाऊ गेला आणि तिची किंमत एकाएकी शतपटीने वाढली. ‘किंमत’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे, कारण राजाकडून जमीन धारण करणाऱ्या विधवेचे लग्न कोणाशी लावावयाचे, हा राजाच्या मर्जीतला विषय होता. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेने विधवेला एवढे संरक्षण दिले होते की तिला अविवाहित राहावयाचे असेल, तर कोणी तिच्यावर लग्नाची सक्ती करू नये. परंतु लग्न करावयाचेच झाल्यास राजाची परवानगी हवी, ही अट त्याच कलमात होती.

राजा दुसरा एडवर्ड हा तिचा सख्खा मामा. त्याने भाचीला आयर्लंडहून बोलावून ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवले. तेथून ४ फेब्रुवारी १३१६ रोजी थिओबाल्ड द व्हर्डन या सरदाराने तिला नेले आणि तिच्याशी विवाह केला. तो पूर्वी आयर्लंडचा मुख्य प्रशासक होता. राजसभेपुढे त्याने जबाब दिला तो असा : आयर्लंडमध्ये असतानाच आमचे लग्न ठरले होते आणि मी बोलाविताच ती किल्ल्याबाहेर कोसभर चालून मला भेटावयास आली. हे खरे की आरोपीचा बचाव, हे ठरविण्यास एलिझाबेथचा स्वतःचा शब्द हाती नाही. आमचे मत विचाराल तर, मामा आपल्या मर्जीतील कोणाच्या तरी गळ्यात आपल्याला बांधणार हे वीस वर्षांच्या त्या तरुण विधवेला स्पष्ट दिसत असावे आणि ओळखीचा, समान दर्जाचा व्हर्डन तिला त्यातल्या त्यात बरा वाटला असावा; तथापि हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

संसार सहा महिन्यांचाही झाला नाही. जुलै १३१६ मध्ये थिओबाल्ड वारला. गरोदर एलिझाबेथ एम्सबरीच्या मठात मावशीकडे गेली. राजाची बहीण मेरी तेथे जोगीण होती. त्याच सुमारास मामाने पत्र लिहून रॉजर डॅमरी या आपल्या लाडक्या सरदाराशी लग्न करण्याचा आग्रह धरला. मार्च १३१७ मध्ये मुलगी इझाबेला जन्मली, राणी इझाबेला तिची धर्ममाता झाली, आणि थोड्याच आठवड्यांत डॅमरीशी विवाह पार पडला. मार्गारेटचे लग्नही त्याच वसंतात ह्यू ऑडली या राजाच्या दुसऱ्या मर्जीतील माणसाशी लावून देण्यात आले. जमिनीची वाटणी या दोन लग्नांनंतरच झाली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पळवापळवीची ही कथा घराण्यात एकदाच घडली असेही नाही. थोरली बहीण एलिनर विधवा झाल्यावर १३२९ मध्ये विल्यम ला झूश याने तिला नेले. मार्गारेटची ऑडलीपासून झालेली एकुलती एक मुलगी, तीही मार्गारेटच, १३३६ मध्ये राल्फ स्टॅफर्डने पळविली. आईवडिलांनी तक्रार केली, परंतु स्टॅफर्ड राजा तिसऱ्या एडवर्डच्या विश्वासातला होता, म्हणून प्रकरण मिटविण्यात आले आणि पुढे तो अर्ल झाला.

प्रश्न : एलिझाबेथच्या आईविषयी आपण एकच वाक्य लिहिले. राजकन्येने एका साध्या सेवकाशी लग्न केले, हे खरे काय? (एक वाचक, मुलुंड)

खरे आहे, आणि जागेअभावी ते राहून गेले होते. जोन ही पहिल्या एडवर्डची मुलगी. आईवडील धर्मयुद्धासाठी पॅलेस्टाइनमध्ये गेले असता १२७२ मध्ये एकर शहरी जन्मली, म्हणून इतिहासात तिला ‘एकरची जोन’ म्हणतात. अठराव्या वर्षी तिचे लग्न सेहेचाळीस वर्षांच्या लाल अर्लशी झाले आणि तेविसाव्या वर्षी ती चार मुलांची विधवा आई होती. वडिलांनी सॅव्हॉयच्या काउंटशी तिची सोयरीक ठरविण्याचा घाट घातला. तिने मात्र आपल्या दिवंगत पतीच्या पदरी असलेल्या राल्फ द मॉन्थर्मर याच्याशी १२९७ मध्ये गुपचूप लग्न उरकले. वडिलांना कळले तेव्हा राल्फची रवानगी ब्रिस्टलच्या तुरुंगात झाली आणि जोनच्या जमिनी जप्त झाल्या.

एका मठातील बखरकाराने तिच्या तोंडी जे उत्तर घातले आहे त्याचा आशय असा : थोर सरदाराने गरीब घरची बायको केली तर कोणी नाक मुरडत नाही, मग सरदारणीने एखाद्या शूर तरुणाला वर आणले, तर त्यात दोष कसला? हे शब्द तिचेच असतील असे नाही, बखरकार भाषणे रचीत असत. परंतु पुढे घडले ते नोंदलेले आहे. काही महिन्यांत राजाचा राग शमला, राल्फची सुटका झाली आणि जोन जिवंत असेपर्यंत ग्लॉस्टरचा अर्ल म्हणून त्याला मान मिळाला. १३०७ मध्ये जोन वारली तेव्हा एलिझाबेथ अकरा वर्षांची होती. आईला जे साधले ते तिन्ही लेकींपैकी एकीलाही तरुणपणी साधले नाही, कारण जोनचा राग-लोभ सोसणारा राजा तिचा पिता होता. मुलींच्या वाट्याला आला तो मामा.

प्रश्न : सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानेच तिची जमीन लुबाडली, ते प्रकरण नीट कळले नाही. (एक वाचक, बोरिवली)

हा माणूस धाकटा ह्यू डिस्पेन्सर, एलिनरचा पती. वाटणीत आलेल्या ग्लॅमॉर्गनवर त्याचे समाधान झाले नाही. दोन्ही मेहुण्यांच्या पदरी पडलेला वेल्समधील मुलूखही त्याला हवा होता. प्रथम त्याने मार्गारेटच्या पतीकडून न्यूपोर्टचा प्रदेश काढून घेतला. राजा त्याच्या मुठीत होता. त्याविरुद्ध वेल्सच्या सीमेवरील सरदारांनी १३२१ मध्ये बंड केले आणि त्यात डॅमरी व ऑडली हे दोघे साडू सामील झाले. एके काळचे राजाचे हे आवडते आता राजद्रोही ठरले. बंड फसले. मार्च १३२२ मध्ये डॅमरी टटबरी येथे वारला. एलिझाबेथला मुलांसह अस्क येथे पकडून लंडनजवळच्या बार्किंगच्या मठात ठेवण्यात आले आणि मार्गारेटला सेम्प्रिंगहॅमच्या मठात.

यानंतर जे झाले ते दरोड्यापेक्षा अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक भयंकर होते. एलिझाबेथला तिच्या जमिनी परत मिळाल्या, पण एका अटीवर : अस्क डिस्पेन्सरला द्यावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात कमी उत्पन्नाचे गोअर घ्यावयाचे. तिचे सल्लागार दूर केले गेले, तिला एकटी गाठले गेले आणि सही न केल्यास राजाकडून काहीही मिळणार नाही अशी धमकी देण्यात आली. सही झाली. त्यावर कडी म्हणजे काही काळाने डिस्पेन्सरने त्या गोअरच्या जुन्या मालकाला पुढे करून न्यायालयातून गोअरही तिच्या हातून सोडविले. कागदोपत्री सारे कायदेशीर होते.

एलिझाबेथने त्याचे उत्तर कागदावरच दिले. मे १३२६ मध्ये, डिस्पेन्सर अजून सत्तेच्या शिखरावर असताना, तिने क्लेअरच्या किल्ल्यात लेखप्रमाणक (नोटरी) बोलावून घेतला आणि आपल्यावर झालेल्या सक्तीचा क्रमवार निवेदनलेख गुप्तपणे तयार करून ठेवला. त्यात तिने असेही नोंदविले की भीतीपोटी हे आज उघडपणे मांडता येत नाही, परंतु या सह्या आपण राजीखुशीने केलेल्या नाहीत. चारच महिन्यांनी राणी इझाबेला पतीविरुद्ध सैन्य घेऊन हॉलंडकडून येऊन उतरली, नोव्हेंबरमध्ये हेरफर्ड येथे डिस्पेन्सरला देहदंड झाला, जानेवारी १३२७ मध्ये मामा पदच्युत झाला आणि अस्क एलिझाबेथला परत मिळाले. आमच्या मते तिच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत हुशारीचे कृत्य हेच. कॉलेजला दिलेली देणगी कोणीही श्रीमंत विधवा देऊ शकली असती.

एलिनरची मात्र दोन्हीकडून कोंडी झाली. पतीच्या राज्यात बहिणींची जमीन तिच्या घरात आली आणि पती गेल्यावर ती लंडनच्या टॉवर किल्ल्यातील तुरुंगात गेली. तिच्या तीन अल्पवयीन मुलींना सक्तीने जोगिणी करण्यात आले. लुबाडणुकीत तिचा स्वतःचा वाटा किती होता, यावर मतभेद होऊ शकतात. मुलींचा तर काहीच नव्हता.

प्रश्न : सव्विसाव्या वर्षापासून ती एकटी राहिली. पुन्हा लग्नासाठी दडपण आले नाही काय? आणि एवढा कारभार ती करीत होती म्हणजे नेमके काय करीत होती? (एक वाचक, माटुंगा)

पहिली चार-पाच वर्षे डिस्पेन्सरला तिच्या जमिनीत रस होता, तिच्या लग्नात नव्हता. त्यानंतर आलेला तिसरा एडवर्ड हा तिचा मामेभाऊ. त्याने तिला मान दिला आणि सक्ती केली नाही. पुढे १३४० नंतरच्या काळात तिने ब्रह्मचर्याचे व्रत जाहीरपणे घेतले. अशा व्रतस्थ विधवेला घर सोडून मठात जावे लागत नसे, तिची मालमत्ता तिच्याकडेच राही, फक्त लग्नाचा विषय कायमचा बंद होई. धर्मनिष्ठा खरी असेलच. सोयही खरी होती.

कारभाराविषयी सांगावयाचे तर तिचे रोजमेळ आजही लंडनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात चर्मपत्राच्या गुंडाळ्यांच्या रूपाने उपलब्ध आहेत, आणि त्या शतकातील कोणत्याही खासगी घराण्याचे इतके विपुल हिशेब क्वचितच टिकले आहेत. भाकरीची कोठी, पेयांची कोठी, मुदपाकखाना आणि पागा अशी खाती पाडून दररोज काय आले, काय खर्ची पडले आणि शिल्लक किती, हे कारकून लिहून काढीत. वाड्यात शंभराहून अधिक माणसांचे जेवण होई. बार्लीची बियर घरीच गाळली जाई, मद्य फ्रान्समधील गॅस्कनीहून येई, खारवलेले हेरिंग मासे उपवासाच्या दिवसांसाठी पिंपांनी साठविले जात. ख्रिस्ती उपवासाला मांस वर्ज्य असले तरी मासे चालत, हे मुंबईतील अनेक वाचकांना ठाऊक असेलच. घरचे सोनार होते, शिंपी होते, ससाणे सांभाळणारे होते. राजा, युवराज आणि तिची मैत्रीण मेरी द सेंट पॉल अशी पाहुणेमंडळी आली की त्या दिवशीचा खर्च किती फुगला, हेही आकड्यांतून दिसते. ही मेरी पेम्ब्रोकची काउंटेस, तीही विधवा. तिने १३४७ मध्ये केंब्रिजला पेम्ब्रोक कॉलेज स्थापन केले. दोघी मैत्रिणींनी एकाच गावी दोन कॉलेजे उभी करावीत, यात थोडी गोड स्पर्धा असावी असे आम्हाला वाटते.

एलिझाबेथने मात्र नवे कॉलेज काढले नाही. १३२६ मध्ये स्थापन झालेले युनिव्हर्सिटी हॉल पैशाअभावी मोडकळीस आले होते, ते तिने १३३८ मध्ये आपल्याकडे घेतले, त्याला जमिनी दिल्या आणि क्लेअर हॉल हे नाव दिले. १३५९ मध्ये तिने दिलेल्या नियमावलीत, महामारीने माणसे हिरावून नेल्यामुळे विद्येची माणसे उरली नाहीत अशी खंत आहे आणि दहा गरीब मुलांच्या शिक्षणाची तरतूद आहे. दरम्यान १३४९ मध्ये तिची स्वतःची मुलगी इझाबेला वारली होती.

प्रश्न : क्लेअर कॉलेजच्या चिन्हावर अश्रू आहेत, ते तीन पतींसाठी, असे माझी नात तेथे शिकत असताना तिला सांगण्यात आले. (एक वाचक, दादर)

चिन्हात क्लेअर घराण्याचे तीन तांबडे पट्टे आणि द बर्ग घराण्याचा तांबडा क्रूस शेजारी शेजारी आहेत, आणि भोवतीच्या काळ्या काठावर थेंब आहेत. हे थेंब विधवेचे अश्रू होत ही परंपरा जुनी आहे. चिन्हात तीन पतींपैकी पहिल्याच घराण्याला स्थान आहे, आणि ती स्वतःही अखेरपर्यंत ‘एलिझाबेथ द बर्ग, क्लेअरची स्वामिनी’ असेच लिहीत असे. पहिल्या पतीचा मुलगा अल्स्टरचा अर्ल होणार होता, तेव्हा त्या नावाची प्रतिष्ठा सर्वांत मोठी होती. शिवाय डॅमरी हे राजद्रोह्याचे नाव मिरविण्यात लाभ नव्हता. अश्रू तिघांसाठी असतील, नाव मात्र एकाचेच ठेवले.

प्रश्न : तिच्या वंशाचे पुढे काय झाले? (एक वाचक, परळ)

मुलगा विल्यम अल्स्टरचा अर्ल झाला, पण जून १३३३ मध्ये कॅरिकफर्गसजवळ आपल्याच माणसांकडून मारला गेला. मागे उरली ती एक वर्षाचीही न झालेली मुलगी, आजीच्याच नावाची एलिझाबेथ. बाळाला घेऊन तिची आई इंग्लंडला पळाली. कागदावर ही तान्ही मुलगी अर्ध्या आयर्लंडची वारसदार होती. प्रत्यक्षात कॉनॉटमधील जमिनी बर्ग घराण्यातील पुरुष भाऊबंदांनी बळकावल्या आणि त्या कधीच परत आल्या नाहीत. सनद बाईच्या नावे आणि नांगर भाऊबंदांच्या हाती, ही स्थिती कोकणात जमीन असलेल्या परळकरांना समजावून सांगावयास नको.

राजा तिसऱ्या एडवर्डने आपला मुलगा लायनेल याचे लग्न या नातीशी १३४२ मध्ये, दोघेही लहान असताना, लावून दिले. क्लेअरच्या नावावरून लायनेलला १३६२ मध्ये क्लॅरेन्सचा ड्यूक ही पदवी मिळाली. त्यांची एकुलती मुलगी फिलिपा मॉर्टिमर घराण्यात गेली, तेथून हक्क यॉर्क घराण्यात आला, आणि १४६१ मध्ये चौथा एडवर्ड गादीवर बसताच क्लेअरची जहागीर राजमुकुटात विलीन झाली. त्याची मुलगी एलिझाबेथ १४८६ मध्ये सातव्या हेन्रीची राणी झाली. आजचा ब्रिटिश राजवंश तिच्यापासूनच चालत आला आहे. या साखळीत पुन्हा पुन्हा मुलींच्याच हातून वारसा पुढे गेला, हे वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात मुलाकडे लंडनला जाणार आहे. या बाईशी संबंधित काय पाहता येईल? (एक वाचक, अंधेरी)

केंब्रिजला जाच, पण तिच्या काळातील इमारत शोधू नका. क्लेअर कॉलेजची आजची जुनी वास्तू सतराव्या शतकात बांधावयास घेतलेली आहे. सफोकमधील क्लेअर गावी किल्ल्याची मातीची उंच टेकडी आणि तिच्यावरचा भग्न तट उरला आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेवाल्यांनी किल्ल्याच्या आवारातच स्टेशन बांधले होते, आता तेथे उद्यान आहे. त्याच गावातील ऑगस्टिनियन मठात तिची आई जोन हिचे दफन झाले. वेल्समध्ये जाणार असाल तर अस्कचा पडका किल्ला पाहावा आणि केरफिलीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. ट्यूक्सबरीच्या चर्चमध्ये वडील, भाऊ आणि थोरली बहीण एलिनर यांची दफनस्थाने असून, वरच्या रंगीत काचांत चिलखत घातलेले क्लेअर आणि डिस्पेन्सर पुरुष आजही शेजारी शेजारी उभे आहेत. एलिझाबेथचे दफन लंडनमध्ये मिनोरीज येथील जोगिणींच्या मठात झाले, जेथे तिने १३५२ मध्ये स्वतःसाठी घर बांधून घेतले होते. तो मठ सोळाव्या शतकात बंद झाला. टॉवर हिल स्टेशनवर उतरलात तर त्या नावाचा रस्ता पाच मिनिटांवर आहे, परंतु तेथे तिचे काहीही पाहावयास मिळणार नाही. त्यापेक्षा तो वेळ क्यू येथील अभिलेखागारासाठी ठेवावा. हिशेबाच्या गुंडाळ्या पाहावयाच्या असतील तर वाचकपत्रिका आधी काढावी लागते आणि कागद अगोदर मागवून ठेवावे लागतात, एवढी तयारी मुंबईहून निघण्यापूर्वीच करावी.